खालच्या गावाच्या बाटलीला किंमत द्या

माझं आजोळ गोदाकाठी आहे. तिथे नदीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. गंगंला पाणी आलं, गंगा उतरली, म्हशी गंगंवर गेल्यात. नवरात्राआधी घरोघरच्या गोधड्या-वाकळा गाठोड्यांत बांधून गाडीबैलाने गंगेवर जायच्या. बायका दिवसभर खडकावर त्या आपटायच्या, तापलेल्या वाळूवर पसरायच्या आणि संध्याकाळी घरी आलेल्या गोधडीला उन्हाचा नि नदीचा मिळून एक वास असायचा. उन्हाळ्यात धार आटली की वाळूत झिरा उकरायचा. हात-दीड हात वाळू काढली की तळाला पाणी पाझरायचं. पहिलं गढूळ पाणी उपसून फेकायचं, जरा थांबायचं आणि मग आलेलं नितळ पाणी वाटीवाटीने कळशीत भरायचं. ते पाणी आम्ही तसंच प्यायलो आहोत. गाळायचं काम वाळूने केलेलं असायचं.

आता मामी गोधड्या घरीच बोअरच्या पाण्यात धुते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “गंगंत धुतल्या की वास येयलाय त्यायला.”

काही वर्षांपूर्वी मृगाचा पहिला पाऊस पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मामाचा फोन आला, “मासे मरायलेत.” मी पोचलो तेव्हा डोहात पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. जे जिवंत होते ते पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होते. काठावर एक म्हातारे भोई कोरडं जाळं मांडीवर घेऊन बसले होते. वरच्या शहराच्या नाल्यांमध्ये उन्हाळाभर साचलेली घाण पहिल्या सरीने एकदम ढकलून खाली आणली होती. मामाने पाण्याची रिकामी बाटली घेतली, गुडघाभर पाण्यात उतरून भरली, झाकण घट्ट लावलं आणि वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवून तिच्यावर तारीख नि वेळ लिहिली. तक्रार त्याच दिवशी दिली.

अधिकारी चौथ्या दिवशी आले. तोवर वरच्या अंगाला आणखी दोन पाऊस झाले होते, गंगा वाहती झाली होती आणि घाण पुढच्या गावांच्या वाट्याला गेली होती. त्यांनी नियमाप्रमाणे वाहत्या पाण्याचा नमुना घेतला. मामाने बाटली पुढे केली. ती घेता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. ते उद्धटपणे बोलले नाहीत आणि खोटंही बोलले नाहीत. खरंच घेता येत नाही. मराठवाड्यातल्या नद्या वाचवायच्या असतील तर हे ‘घेता येत नाही’ आधी बदलावं लागेल, असं माझं मत त्या दिवसापासून आहे.

1974 चा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा वाईट नाही. महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, 1969 मध्ये स्वतःचा कायदा केला आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं केलं. केंद्राच्या कायद्यात प्रवाहाची व्याख्या आहे. तिच्यात नदी येते, तळं येतं, भूजल येतं आणि ओढा-नालाही येतो, मग तो वाहता असो वा तूर्त कोरडा असो. ही व्याख्या मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती कुणीतरी मराठवाडा डोळ्यासमोर ठेवून लिहिली असावी असं वाटलं. आपल्या निम्म्या नद्या वर्षातले कितीतरी महिने ‘तूर्त कोरड्या’च असतात. म्हणजे कोरड्या पात्रात घाण सोडायलाही कायद्याने मनाईच आहे.

अडतं ते पुराव्यापाशी. न्यायालयात टिकणारा नमुना कसा घ्यायचा हे कायद्यात सविस्तर दिलं आहे. तो मंडळाच्या अधिकृत माणसाने घ्यायचा, ज्याचं सांडपाणी आहे त्याला तिथेच नोटीस द्यायची, त्याने मागणी केली तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवायचे. ही काळजी हवीच. नाहीतर कुणीही कुठलीही बाटली भरून शेजाऱ्यावर खटला भरेल. पण याचा परिणाम असा झाला आहे की जो बघतो त्याला सिद्ध करता येत नाही, आणि ज्याला सिद्ध करता येतं तो बघायला हजर नसतो.

शिवाय नदी अधिकाऱ्याची वाट बघत थांबत नाही. मैला, खरकटं, मळी असलं काहीही पाण्यात पडलं की जिवाणू ते खाऊ लागतात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. हे सगळं कुजवायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप म्हणजे बीओडी. अंघोळीला योग्य पाण्यात बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत हवा आणि विरघळलेला ऑक्सिजन 5 मिलिग्रॅम तरी हवा. शेवाळाने भरलेल्या पाण्यात ऑक्सिजन सर्वांत कमी पहाटे असतो, कारण रात्रभर उजेड नसतो आणि शेवाळही श्वास घेत असतं. मासे पहाटे मरतात ते त्यामुळे. दुपारी बाराला येऊन ऑक्सिजन मोजला तर तेच पाणी बऱ्यापैकी दिसू शकतं. मग चौथ्या दिवशीच्या दुपारी काय सापडणार?

देशातले प्रदूषित नदीपट्टे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ मोजतं. 2018 च्या यादीत असे 351 पट्टे होते, त्यांतले 53 महाराष्ट्रातले. 2022 च्या यादीत देशातले पट्टे 311 वर आले, आणि आपले 55 झाले. दोन्ही वेळा महाराष्ट्र पहिला. 2018 च्या यादीत गोदावरीचा सोमेश्वर ते राहेर हा पट्टा सर्वांत वाईट वर्गात होता. सोमेश्वर नाशिकला आहे आणि राहेर नांदेड जिल्ह्यात. म्हणजे पैठण, गंगाखेड, नांदेड, मराठवाड्यातली जवळजवळ सगळी गंगाच त्यात आली. पैठणला नाथषष्ठीच्या दिवसांत नाथांच्या वाड्यातला रांजण आजही गोदावरीच्या पाण्याने भरतात. श्रीखंड्याच्या कावडीची ती आठवण आहे. तेच पाणी सरकारी यादीत कुठल्या वर्गात बसलं, हे रांजणाला रांग लावणाऱ्या किती जणांना कुणी सांगितलं असेल?

इथे मराठवाड्याचं एक वेगळं दुखणं आहे आणि धोरण ठरवणारे ते विचारातच घेत नाहीत. नदीसारख्या प्रवाहात सांडपाणी सोडण्यासाठी जे सर्वसाधारण मानक आहे, त्यात बीओडीची मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. नदीत मात्र 3 हवा. हा दहापट फरक कुठे जाणार? नदीत स्वतःचं भरपूर स्वच्छ पाणी आहे, त्यात हे मिसळून विरळ होईल, असं गृहीत धरलेलं आहे. बारमाही नदीला ते काही अंशी लागू पडेलही. पण तेरणा, मांजरा, बिंदुसरा, कयाधू, कुंडलिका यांच्या पात्रात फेब्रुवारीनंतर मिसळायला पाणी असतंच कुठे? तेव्हा शहराखाली जे वाहतं ते शहराचंच असतं. कागदावर मानक पाळलेलं सांडपाणीही तिथे नदी मारायला पुरेसं आहे. म्हणून हंगामी नद्यांसाठी सांडपाण्याचं मानक वेगळं आणि कडक हवं. कोकणातल्या नाल्याला आणि बीडच्या नाल्याला एकच माप लावणं दिसायला समान आहे, पण त्यात न्याय नाही.

आपण मराठवाड्याचे लोक पाण्यासाठी भांडलो नाही असं कुणी म्हणणार नाही. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं आणि नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यासाठी आपण प्राधिकरणापासून उच्च न्यायालयापर्यंत गेलो. ते भांडण योग्यच होतं. पण त्या सगळ्या लढाईची भाषा टीएमसीची, म्हणजे अब्ज घनफुटांची आहे. किती पाणी सुटलं, वाटेत किती मुरलं, नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात किती पोचलं. कसलं पाणी पोचलं, हे त्या हिशेबात कुठेही येत नाही. वरच्या शहरांचे नाले ज्या गोदावरीला मिळतात तीच गोदावरी नाथसागर भरते. आणि बोट फक्त नाशिककडे दाखवून भागणार नाही. छत्रपती संभाजीनगरातून वाहणारी खाम नदीही नाथसागराकडेच जाते, आणि तेच शहर नाथसागराचं पाणी पितं. तिथे 2021 पासून महापालिका, छावणी परिषद आणि नागरिकांच्या संस्थांनी मिळून खामच्या काही भागात नेटाने काम केलं, कचरा काढला, काठ मोकळे केले. त्या कामाचं कौतुक परदेशातही झालं. मलाही ते मनापासून महत्त्वाचं वाटतं. दहा वर्षांपूर्वी खामला नदी म्हटलं तर लोक हसायचे. पण काठ सुंदर झाला तरी पाणी सुधारायला प्रत्येक नाला शुद्धीकरणापर्यंत न्यावा लागतो, आणि ते काम दिसत नाही म्हणून त्याला पैसा मिळत नाही.

घाटाला मिळतो. आपल्याकडे नदीसुधार म्हटलं की दगडी पायऱ्या, कठडे, दिवे, फरशी, कारंजी. त्याच पायऱ्यांच्या खालून सिमेंटचा पाइप नदीत तोंड घालून बसलेला असतो. सुशोभीकरणाचं काम एकदा होतं आणि त्याचं उद्घाटन होतं. शुद्धीकरण केंद्राचं काम रोज होतं, त्याचं वीजबिल दरमहा येतं आणि त्याची फीत कुणी कापत नाही. केंद्रीय मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे 72 हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं ते जेमतेम 20 हजार. बसवलेली क्षमता जवळपास 32 हजार आहे. म्हणजे बांधलेल्या यंत्रणेचाही मोठा भाग पडून असतो.

नगरपालिका म्हणतात, पैसा नाही. ही सबब नुसती झटकून टाकण्यासारखी नाही. ज्या पालिकेला आठवड्यातून एकदा नळाला पाणी देता येत नाही, तिने चोवीस तास पंप आणि हवा फुंकणारे ब्लोअर चालवावेत ही अपेक्षा कागदावरच राहते. पण प्रत्येक गावाला विजेवर चालणारं केंद्र हवंच असं कुणी सांगितलं? लहान शहरांसाठी स्थिरीकरण तळी हा जुना, साधा मार्ग आहे. सांडपाणी एकामागून एक उथळ तळ्यांतून पंधरा-वीस दिवस हळूहळू सरकत न्यायचं, बाकी काम ऊन, शेवाळ आणि जिवाणू करतात. याला जागा लागते आणि ऊन लागतं. मराठवाड्यात माळरान आहे आणि उन्हाची तर खोटच नाही. ज्या तंत्राला आपला भूगोल साथ देतो ते सोडून आपण महानगरांच्या निविदांची नक्कल करत बसलो.

पाण्याची किंमत कळायला लातूर आठवावं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, 5 लाख लिटर पाणी होतं. पुढे 50 वाघिणींची गाडी 25 लाख लिटर आणू लागली. स्टेशनवर लोकांनी तिचं स्वागत केलं. आता हिशेब करा. एक लाख वस्तीच्या शहराला माणशी 135 लिटरच्या निकषाने पाणी मिळालं तर रोज 1 कोटी 35 लाख लिटर लागतं आणि त्यातलं सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे रोज चार गाड्या पाणी. आपल्याकडे पाणीपुरवठा निकषाच्या निम्माच आहे असं धरलं तरी दोन गाड्या. त्या दुष्काळात सबंध देशाने जिची बातमी पाहिली तेवढ्या दोन रेल्वे आपलं मध्यम शहर रोज नासवून नाल्यात ओततं.

यावर उत्तर म्हणून नागपूरचं उदाहरण देतात. तिथे भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. केंद्राच्या 2016 च्या वीजदर धोरणातही शुद्धीकरण केंद्राच्या 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी असंच पाणी वापरावं, असं सांगितलं आहे. पाण्याअभावी आपलं परळीचं केंद्र 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये बंद ठेवावं लागलं होतं, तेव्हा या उपायाचं आकर्षण मला समजतं. तरी मी त्याला अर्धाच होकार देईन. कारण शहराने पाणी शुद्ध केलं आणि सगळं कारखान्याला विकलं तर नदीला काय उरलं? खालच्या गावांनी आजवर घाण सोसली. पाणी स्वच्छ झाल्यावर ते विकलं जाणार असेल तर त्यांच्या वाट्याला कोरडं पात्र येईल. नाल्यावर मोटार टाकून भाजी नि घास पिकवणारे शेतकरी आहेत, त्यांचीही त्यावर रोजीरोटी आहे. शुद्ध केलेल्या पाण्याचा ठरलेला भाग आधी नदीत, मग काठच्या शेतीला आणि उरेल तो उद्योगाला, हा क्रम शासननिर्णयात लिहिलेला हवा. तो लिहिला नाही तर पैसे देणारा पहिला येईल.

साखर कारखान्यांबद्दल थोडक्यात. त्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल बनतं आणि एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर काळं, आंबट सांडपाणी निघतं. त्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे. बहुतेक वेळा गळती रात्री किंवा पहिल्या पावसाच्या आडोशाला होते. तिथेही प्रश्न तोच: त्या वेळी तिथे कोण असतं? खालचं गाव असतं.

नदीकाठापासून प्रदूषणकारी उद्योग किती दूर असावेत हे सांगणारं नदी नियमन क्षेत्राचं धोरण राज्यात 2000 पासून होतं. फेब्रुवारी 2015 मध्ये ते रद्द झालं. उद्योगांना ते जाचक आहे अशी तक्रार होती, त्यात काही तथ्यही असेल. सरसकट अंतरं ठरवली की अन्याय होतो. पण जाचक नियम दुरुस्त करायचा असतो. तो काढून टाकल्यावर सगळा भार परवान्यावर आला, आणि परवान्याच्या कागदावर खालच्या गावाचं नावसुद्धा नसतं. शहराचं शुद्धीकरण केंद्र असो, डिस्टिलरी असो, कत्तलखाना असो, त्याची संमती मंडळ देतं, तिचं नूतनीकरण मंडळ करतं. ज्या गावाच्या अंगणातून ते पाणी पुढे वाहणार, त्याला कुणी काही विचारत नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. गावात पाणी तपासणारे लोक आधीपासून आहेत. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. याच लोकांना नदीचं पाणी तपासायचा अधिकार द्या. त्यांना विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचं साधन द्या, नमुना थंड ठेवायची पेटी द्या, सील द्या. त्यांच्या नमुन्यावर लगेच शिक्षा होऊ नये, हे मला मान्य आहे. पण त्यांच्या नोंदीनंतर चोवीस तासांत अधिकारी आलाच पाहिजे, नाही आला तर तीच नोंद प्राथमिक पुरावा धरली जावी, आणि आपण दोषी नाही हे वर सांडपाणी सोडणाऱ्याने सिद्ध करावं. शुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्या ठेकेदाराचं दरमहाचं बिल खालच्या ग्रामपंचायतीची नोंद जोडल्याशिवाय निघू नये. परवान्याचं नूतनीकरण करताना खालच्या दोन-तीन गावांच्या ग्रामसभांचं म्हणणं लेखी घ्यावं. आजच्या कायद्यातही साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला थेट न्यायालयात जाता येतं, पण वकील करायचा पैसा आणि टिकणारा नमुना दोन्ही नसलेल्या गावाला त्या तरतुदीचा काय उपयोग?

यावर एक आक्षेप येतोच, की गावागावांत राजकारण आहे, नोंदी विकत घेतल्या जातील, कुणी दबाव आणेल. येईल तो दबाव. पण आज एका अधिकाऱ्यावर येतो. उद्या पाच बायका, ग्रामसभा आणि काठावर बसलेला भोई या सगळ्यांवर एकदम आणावा लागेल. जालन्याचं घाणेवाडीचं तळं बघा. निजामाच्या काळातलं ते तळं शहराला पाणी पाजत होतं, म्हणून दुष्काळाच्या दिवसांत लोकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला. ते पाणी त्यांच्या घरी येत होतं, त्यामुळे कुणी सांगायची वाट त्यांनी पाहिली नाही. काठच्या माणसाला नदी कळते. त्याच्या कळण्याला फक्त कागदावर जागा नाही.

गेल्या उन्हाळ्यात आजोळी गेलो तेव्हा प्रशिक्षण झालेल्या दोघी ग्रामपंचायतीत बसून किटच्या छोट्या नळ्यांमध्ये थेंब टाकत होत्या. रंग बदलला की तक्त्यावरच्या रंगाशी ताडून वहीत लिहीत होत्या. शाळेजवळची बोअर, टाकी, मारुतीपुढचा नळ. मी म्हटलं, “ताई, गंगेचं पण बघता का?” एक जण उठली, कळशी घेऊन खाली जाऊन पाणी आणलं, नळीत घेतलं. मग वही उघडली, पानावरून बोट खालपर्यंत नेलं आणि म्हणाली, “हे कुठं लिव्हायचं, भाऊ? गंगा गावाच्या स्रोतात नाही ना.”